अर्जदाराचा उजवा हात

शेषेराव नानांना चहा गार मिळाला तर ते ओरडत नाहीत. अर्ज करतात.

तोंडी नव्हे, रीतसर कागदावर. 'प्रति, चहावाले, मुक्काम कडुलिंबाखाली. विषय : आज सकाळी दिलेला चहा कोमट असल्याबाबत. महोदय, अर्जदाराचे म्हणणे खालीलप्रमाणे.' मग मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन, शेवटी सही आणि सहीखाली 'प्रत माहितीस्तव : दूधवाले'. असले अर्ज मी टपरीतल्या खिळ्याला टोचून ठेवलेत. दूधवाला आला की आपली प्रत उभ्याउभ्या वाचतो आणि खरोखर ओशाळतो. दुसऱ्या दिवशी दूध दाट येतं.

नाना अर्जनवीस आहेत. ज्याला आपलं गाऱ्हाणं साहेबाला कळेल अशा भाषेत मांडता येत नाही, त्याचं गाऱ्हाणं मांडून देणारा माणूस. बीडमध्ये कचेरीच्या भिंतीलगत कडुलिंबाखाली त्यांचं टेबल आहे, टेबलावर लोखंडी टाइपरायटर आहे आणि त्यामागे चाळीस वर्षांपासून नाना आहेत. आजूबाजूच्या सगळ्यांकडे आता संगणक आले. नानांचं म्हणणं, संगणकाला राग येत नाही. 'बटन नुसतं दाबायचं? ठोकायचं न्हाई? मंग साहेबाला कळणार कसं की माणूस चिडलाय?'

चिडल्याशिवाय त्यांना लिहिताच येत नाही. पाली गावची एखादी म्हातारी येते, आमच्या गल्लीत नळाला पाणी नाही म्हणते. ती बिचारी शांत असते. नाना तापतात. 'पाणी न्हाई? कावून न्हाई? तुमी काय वाळवंटात राहता का?' म्हातारीच घाबरून म्हणते, 'बाबा, जाऊ द्या, एवढं काई न्हाई.' पण तोवर टाइपरायटर धडाधडा सुरू झालेला असतो. संध्याकाळपर्यंत नानांवर आठ-दहा घरांचा अन्याय झालेला असतो आणि ते लालबुंद होऊन पायीच घरी जातात. घरी कुणी नाही. बायको वारून बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही.

त्यांचा एक नियम सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच झालं. अर्जात कोणतीही गोष्ट दुप्पट लिहायची. पाणी आठ दिवस नसेल तर सोळा लिहायचे.

'हे खोटं नाही का, नाना?' मी एकदा भीत भीत विचारलं.

'खोटं कसं? वाचणारा अर्धं धरतो. आठ लिवलं तर तो चार धरणार अन् म्हणणार, चार दिवसांनी काय मरण येतंय? सोळा लिवलं की बरोब्बर आठावर येतो. आमी खरं तेवढंच पोचवतो. नमूद करा.'

'नमूद करा' हे त्यांचं पालुपद. मी कुठे नमूद करणार? मी सातवीत शाळा सोडली. वेंगुर्ल्याकडचा माणूस मी, इथे आलो तो मासे तळायला. एका शेठने बीडमध्ये मालवणी जेवणाचं हॉटेल काढलं होतं, त्याचा आचारी म्हणून. आठ महिने चाललं. लोक यायचे, बांगडा उलटासुलटा करून बघायचे आणि विचारायचे, 'काटे कावून ठेवलेत आतमधी?' हॉटेल बंद झालं, शेठ गेला आणि मी स्टँडवर बॅग घेऊन बसलो. गावी कोणत्या तोंडाने जायचं, हा विचार करत. कोणीतरी म्हणालं, कचेरीपाशी शेषेराव अर्जनवीस आहेत, त्यांना विचार. नानांनी माझी हकिकत ऐकली आणि माझ्यापेक्षा जास्त तेच चिडले. टपरीच्या परवान्यासाठी त्यांनी माझ्या नावाने सात अर्ज केले. सातव्याला परवाना मिळाला. ती टपरी त्यांच्या टेबलाला लागून आहे. मला कागदाची अजून भीती वाटते, कचेरीतला साधा शिपाई आला तरी छातीत धडधडतं. पण टाइपरायटरचा आवाज चालू असला की बरं वाटतं. ते मला नावाने हाक मारत नाहीत. 'अहो कोकण' म्हणतात.

आणखी एक उपकार. माझी आई गावी एकटी असते आणि तिला ऐकू येत नाही. शेजारच्या मुलीच्या मोबाइलवर आम्ही एकमेकांना बघतो, हात हलवतो, डोळे पुसतो, झालं. पण आई चौथी शिकलेली, मोठी अक्षरं लावून लावून वाचते. माझं अक्षर तिला लागत नाही. मग महिन्याला एक पत्र नाना लिहायचे. पहिलं त्यांनी टाइप करून धाडलं, तर आईला वाटलं सरकारची नोटीस आली. तिने सगळी वाडी गोळा केली आणि रडली. तेव्हापासून हाताने. बोराएवढं एकेक अक्षर, दोन पानांना तासभर. आईचं उत्तर नानांच्या पत्त्यावर यायचं आणि तिचं वाकडंतिकडं अक्षर मला पटकन लागत नाही म्हणून ते नानाच वाचून दाखवायचे, कोर्टात बयान वाचावं तसं खणखणीत. मी डोळे मिटून ऐकायचो.

तर गेल्या उन्हाळ्यात नानांच्या हातून माझे पेले फुटायला लागले. आठवड्यात तीन. मला वाटलं चहा बिघडला, म्हणून आपटतात. मी पावडर बदलली, आलं वाढवलं. नानांनी अर्ज दिला : 'पेले निसरडे असल्याबाबत.' मग टाइपरायटर अडखळू लागला. मग दोन महिने आईला पत्र गेलं नाही. विचारलं की म्हणायचे, 'या महिन्यात मजकूर न्हाई.' मजकूर नाही? मी तर समोर बसून सांगायला तयार होतो! माझं काहीतरी चुकलं असणार, नाना रागावलेत, टपरी हलवा म्हणतील, अशा विचारांनी माझी झोप गेली.

शेवटी त्यांनी एक दिवस उजवा हात टेबलावर ठेवला. उचलून ठेवला म्हणा, सामान ठेवावं तसा. 'अंगठा अन् ही दोन बोटं मला विचारत न्हाईत,' ते म्हणाले. 'मुंग्या येतात. रातच्याला कळ खांद्यापर्यंत जाती, उठून हात झटकत बसतो.'

मी त्यांना दवाखान्यात नेलं. पहिल्या डॉक्टरांनी मनगटातून करंट सोडून नस तपासली आणि सांगितलं, कार्पल टनेल. मनगटात एक बोगदा असतो, त्यातून नस जाते, ती दबलीय.

'बोगदा? माझ्या मनगटात? कुणाच्या परवानगीनं?'

डॉक्टर हसले नाहीत. रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाले, 'सौम्य आहे. एवढ्याने खांद्यापर्यंत दुखायचं कारण नाही. बाकीचं मनाचं आहे. वय झालं, विचार कमी करा.' आणि घंटी वाजवून पुढच्याला बोलावलं.

बाहेर आल्यावर नाना पायरीवरच थांबले. 'मनाचं? माझ्या मनाला मनगट हाय का? सौम्य म्हणं! चाळीस वर्षं लोकांचं दुखणं ह्या हातानं वर पोचवलं, एकाचंबी सौम्य लिवलं न्हाई, अन् माझं सौम्य?'

मलाही राग आला, आणि मला सहसा येत नाही, परवडत नाही. पण ज्या माणसाने परक्याच्या नळासाठी घसा कोरडा केला, त्याचं दुखणं एका मिनिटात निकालात काढायचं? यंत्राला दिसलं नाही म्हणजे दुखतच नाही? मग पेले काय मी फोडले? हे सगळं मी रिक्षात बोललो. आत मी नेहमीसारखा 'हो सर, हो सर' करत होतो, त्याचीही लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी टाइपरायटरवर डाव्या हाताने ठोकलेला अर्ज तयार होता. अर्जदार : शेषेराव. गैरअर्जदार : उजवा हात. खाली : 'सदर हाताने चाळीस वर्षांची नोकरी विनासूचना सोडली आहे.' तो कुणाला द्यायचा हे मात्र ठरत नव्हतं. तेवढ्यात चहा प्यायला आलेल्या एका वकिलांनी बार्शी नाक्याकडच्या दवाखान्यातल्या अश्विनी मॅडमचं नाव सांगितलं. व्यायामाच्या डॉक्टर. अशी नस दबलेल्या लोकांचं दुखणं मोजतात, त्यावरच अभ्यास करतात म्हणाले.

'दुखणं मोजतात?' नाना सावरून बसले. 'मंग जायलाच पायजे.'

अश्विनी मॅडम तेलगावच्या. नानांना नात असती तर तिच्याएवढ्या, पण ऐकून घेणाऱ्या. नानांनी अर्ज पुढे केला. त्यांनी तो पूर्ण वाचला, गैरअर्जदाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'नाना, तुमच्या भाषेत सांगू? मनगटातून वर तक्रार एकच जाती. पण काही जणांत काय होतं, मणक्यात, मेंदूत, जिथं जिथं ती पोचती तिथं प्रत्येक टेबल तिच्यावर तातडीचा शिक्का मारतंय. मूळ तक्रार साधी, वर पोचेपर्यंत आग लागल्यासारखी. ते मनाचं नसतं, नसांचंच असतं. तुमच्यात तसं झालंय का, किती झालंय, ते बघायचं. त्यावर ठरंल पट्टा, व्यायाम का ऑपरेशन.'

नानांनी माझ्याकडे बघितलं. 'अहो कोकण, नमूद करा. पहिल्यांदाच कुणीतरी मुद्द्याचं बोललं.'

मॅडमनी एक यंत्र आणलं, टोकाला रबराची गोळी. ते हळूहळू दाबत न्यायचं आणि दाब जिथे दुखणं होईल त्या क्षणी नानांनी डाव्या हातातली घंटी वाजवायची. दुखणं सोसायचं नाही, नुसतं सुरू झालं की वाजवायची.

यंत्र अंगठ्याच्या मुळाशी आणलं. ट्रिंग.

'नाना, अजून टेकवलं न्हाई.'

'आगाऊ हरकत नोंदवली.'

मानेला लावलं, ट्रिंग. मग मॅडमनी नडगीला लावलं, तर नाना उसळले. 'दुखणं हाताचं अन् तपासणी पायाची? हे कोणत्या नियमात बसतं?' मॅडम म्हणाल्या, जिथं दुखणं नाही तिथंही लवकर दुखतं का, हेच तर बघायचं. ट्रिंग. मग बोथट सुईने एकाच जागी दहा वेळा टोचायचं, पहिल्याला किती दुखलं आणि दहाव्याला किती, ते शून्य ते दहात सांगायचं.

'पहिल्याला अठरा.'

'दहापर्यंतच सांगायचं, नाना.'

'मंग नऊ. दहाव्याला दहा. नडगीलाबी दहा ठेवा.'

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, 'ह्या आकड्यांनी सर्वांगच दुखतं असं दिसतंय. हेच मी सर्जनला पाठवलं तर ते म्हणतील, नुसतं मनगट उघडून ह्यांना गुण येईल का सांगता येत नाही. थांबा म्हणतील. पण नाना, तुमच्या तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलत न्हाई. तुमी दुखणं सांगताय का अर्ज लिवताय?'

नाना चपापले. चाळीस वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं. 'तुमी अर्धं धरणारच ना,' ते म्हणाले. आवाजात राग होता, पण नेहमीसारखा ठोकलेला नव्हता. 'त्यांनी तर पाव बी धरलं न्हाई.'

'हितं कुणी अर्धं धरत न्हाई. जेवढं सांगाल तेवढं मांडणार. दोन दिवसांनी या. अन् खरं घेऊन या.'

दोन दिवस नाना कुणावरच चिडले नाहीत. मला जास्त भीती वाटली. एका माणसाची नळाची तक्रार त्यांनी डाव्या हाताने आठ दिवसांची आठच लिहिली, मग कागद फाडून पुन्हा सोळा लिहिली. मी विचारलं, 'काय झालं?' म्हणाले, 'खरं लिवायची सवय न्हाई, हात थरथरतोय.'

दुसऱ्या वेळी मॅडमनी यंत्र अंगठ्याच्या मुळाशी लावलं. नानांनी डोळे मिटले. दाब वाढला. घंटी वाजली, पण हळू, कुणाची तरी झोप मोडेल अशी भीती असल्यासारखी. मानेला त्याहून थोडी उशिरा. नडगीला यंत्र दाबत दाबत बरंच खाली गेलं, तरी घंटी नाही. मीच म्हणालो, 'नाना, वाजवा की.' 'दुखत न्हाई तर कावून वाजवू?' त्यांनी मलाच झापलं. सुईच्या पहिल्या टोचणीला दोन म्हणाले. दहाव्याला सात. स्वतःच दचकले. 'सुई तीच होती का?'

'तीच. दाबबी तोच. हेच बघायचं होतं.' मॅडमनी कागद त्यांच्यापुढे धरला. 'हात अन् मान, उजव्या बाजूच्या टेबलांनी शिक्के मारायला सुरुवात केलीया. पाय शाबूत हाय, म्हणजे सगळी कचेरी पेटली न्हाई. झोपताना पट्टा बांधा, सांगते ते व्यायाम करा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजू, मग ऑपरेशनचं ठरवू. रोजचं दुखणं किती म्हणालात?'

'सहा.'

त्यांनी सहाच लिहिलं. नाना त्या सहाकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'म्हंजे मंजूर?'

'मंजूर. तुमचं दुखणं खरं हाय, नाना.'

लोकांचे इतके अर्ज लिहिलेल्या माणसाला हे वाक्य कुणी कधी ऐकवलं नसावं. ते पंच्याने चष्मा पुसायला लागले, एका हाताने ते जमेना. मी पुसून दिला.

'शेवटचे दोन प्रश्न,' मॅडम म्हणाल्या. 'हातानं कोणतं काम होत न्हाई त्याचं सगळ्यात वाईट वाटतं?'

मला वाटलं, टाइपरायटर. नाना म्हणाले, 'मुद्दा वगळा.'

'वगळता येत न्हाई.'

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. 'ह्या कोकणच्या आईचं पत्र.'

दोन महिने मी यांना रागावलेलं समजत होतो!

'अन् दुखणं वाढलं की सांगता कुणाला?'

'त्याच माऊलीला.'

'अहो, पण तिला ऐकू येत नाही,' मी म्हणालो.

'ठाऊक हाय. लिवून सांगितलं.'

टपरीवर आल्यावर त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि आईची पत्रं माझ्यापुढे ठेवली. मी लावून लावून वाचली. वाचून दाखवताना नाना प्रत्येक वेळी शेवटची ओळ गाळत आले होते. एकात होतं, 'लिवणारे बाबा जेवतत खंय, कोण करून घालता?' दुसऱ्यात, 'त्यांच्या हाताचा वाचून जीव कासावीस झालो.' आणि शेवटच्या पत्रात, 'त्यांका उंडीचा तेल धाडलंय. निजताना मनगटाक चोळूक सांग. सगळा तूच संपवू नको.'

मी मटकन बाकावर बसलो. चैत्रात गावाहून पार्सल आलं होतं, जुन्या कापडात गुंडाळलेली उंडीच्या तेलाची बाटली, आमच्याकडे ते दुखऱ्या सांध्यांना चोळतात आणि भेगांनाही लावतात. इथल्या कोरड्या उन्हात माझ्या टाचा भेगाळतात हे आईला कसं कळलं, म्हणून मी केवढा हरखलो होतो! रोज दुपारी नानांच्या समोर बाकावर पाय वर घेऊन ते तेल टाचांना लावत होतो. वर त्यांनाच सांगत होतो, 'आई ती आई, नाना.' आणि ते कळवळणारा हात मांडीखाली दाबून म्हणत होते, 'बरोबर हाय.'

'नाना, हरकत घ्यायची ना! चहा कोमट झाला तर अर्ज देता!'

'तुमी लई खुश होता,' ते म्हणाले. 'तिथं काय हरकत घेणार?'

मी बाटली काढली. तळाशी चार बोटं तेल होतं. नानांचं मनगट मांडीवर घेतलं आणि चोळायला लागलो. डाव्या हातात चहाचा पेला घेऊन ते कचेरीच्या गेटकडे बघत राहिले. पेला फुटला नाही. तेलाने दबलेली नस सुटत नाही, हे मॅडमनी सांगितलं होतं. चोळा, नुकसान नाही, असंही म्हणाल्या होत्या.

मग नानांनी मला कागद घ्यायला लावला. आता पत्र मी लिहायचं, त्यांनी सांगायचं. 'मोठं काढा. अजून मोठं. बोराएवढं.' माझी मान अवघडली, पण दोन पानं झाली. शेवटी थोडी जागा उरली.

'ही ओळ माझी,' नाना म्हणाले. 'लिवा, लिवणाऱ्याचा हात...' आणि थांबले.

'मॅडमनी सहा लिहिलंय,' मी म्हणालो. 'तुमच्या नियमाने बारा लिहू का?'

नाना भडकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच 'अहो' सोडून बोलले.

'आईला बारा लिवतेत का बे? तीन लिव. ती दुप्पट धरती.'